कुणी आणलं, कुणी घालवलं

१९४५ नंतरच्या ब्रिटिश पंतप्रधानांची यादी मी एकदा वहीत उतरवली आणि प्रत्येक नावापुढे दोन रकाने आखले. मतदारांनी आणलं का? मतदारांनी घालवलं का? जुलै २०२४ पर्यंतचा हिशेब मांडला, तर दोन्हीकडे ‘हो’ असलेल्या कारकिर्दी तीनच निघतात: क्लेमंट अ‍ॅटली, हॅरल्ड विल्सन यांची पहिली खेप आणि एडवर्ड हीथ. हीथ गेले मार्च १९७४ मध्ये. पुढच्या पन्नास वर्षांत मतदारांनीच बसवला आणि मतदारांनीच उठवला असा एकही पंतप्रधान झाला नाही. कुणी मधूनच आला, कुणी मधूनच गेला. ईडन, मॅकमिलन, टेरेसा मे, बोरिस जॉन्सन आणि लिझ ट्रस हे पाच जण आलेही तसेच आणि गेलेही तसेच. त्यातल्या ईडन, मॅकमिलन आणि जॉन्सन यांनी मधल्या काळात निवडणुका दणक्यात जिंकल्या, हे खरं. पण आत येताना आणि बाहेर पडताना मतदाराला कुणी विचारलं नव्हतं.

माझं हे वेड जुनं आहे, आणि ते थॅचरबाईंमुळे लागलं.

नोव्हेंबर १९९० मध्ये मी पुण्यात कॉलेजात होतो. त्या महिन्यात आपल्याकडेही कमी गोंधळ नव्हता. ७ तारखेला विश्वनाथ प्रताप सिंहांचं सरकार लोकसभेत पडलं, १० तारखेला चंद्रशेखरांनी शपथ घेतली. कट्ट्यावर मंडल आणि मंदिर यांपलीकडे विषय नव्हता. अशात २२ तारखेला लंडनहून बातमी आली की मार्गारेट थॅचर जात आहेत. बातमी समजली, पण तिचं गणित जुळेना. बाईंनी लागोपाठ तीन निवडणुका जिंकलेल्या. सभागृहात भक्कम बहुमत. पक्षातल्या मतदानात त्यांना २०४ मतं, विरोधात उभ्या राहिलेल्या मायकेल हेसेल्टाइन यांना १५२. आणि २०४ वाली व्यक्ती घरी! फर्ग्युसन रस्त्यावरच्या ब्रिटिश कौन्सिलच्या वाचनालयात शिळी विलायती वर्तमानपत्रं वाचायची सवय मला तेव्हाच जडली.

या गणिताचं उत्तर शोधायला मागे जावं लागतं, ते थेट १९५७ पर्यंत.

सुएझ कालव्यावरच्या फसलेल्या लष्करी चढाईत हात पोळून आणि प्रकृती ढासळून अँथनी ईडन त्या जानेवारीत पायउतार झाले. वारस कोण? रॅब बटलर की हॅरल्ड मॅकमिलन? हुजूर पक्षात, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षात, तेव्हा नेता निवडायची काही पद्धतच नव्हती. नेता ‘पुढे येत’ असे. म्हणजे आपल्याकडे श्रेष्ठींनी ठरवलं म्हणतात, तसंच. लॉर्ड सॉल्झबरी आणि लॉर्ड किल्म्यूअर या दोघांनी मंत्र्यांना एकेक करून खोलीत बोलावलं. सॉल्झबरींना ‘र’ म्हणता येत नसे. त्यामुळे प्रत्येकाला प्रश्न आला तो असा: ‘वॅब की हॅवल्ड?’ बहुतेकांनी हॅवल्डला कौल दिला आणि पाच कोटींच्या देशाचा पंतप्रधान ठरला.

मॅकमिलन हा माणूस मला फार आवडतो, हे आधीच सांगून टाकतो. वागण्याबोलण्यात जुन्या जमान्यातला सरदार, आतून पक्का हिशेबी. सुएझच्या नामुष्कीनंतर तीन वर्षांच्या आत, १९५९ मध्ये, त्यानं पक्षाला शंभराचं बहुमत मिळवून दिलं. आणि जुलै १९६२ मध्ये वारं फिरलं असं दिसताच एका फटक्यात सात मंत्री काढले, त्यात स्वतःचा अर्थमंत्रीही. लिबरल पक्षाचे जेरेमी थॉर्प यांनी त्यावर बायबलमधलं वचन उलटं करून टोला हाणला: आपला जीव वाचवण्यासाठी मित्रांचा बळी द्यावा, याहून मोठं प्रेम ते कोणतं! वर्षभरात प्रोफ्यूमो या मंत्र्याचं लफडं बाहेर आलं. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्लॅकपूलला पक्षाचं अधिवेशन भरलेलं असतानाच मॅकमिलन आजारपणामुळे पद सोडत असल्याचं जाहीर झालं आणि अधिवेशनाचा आखाडा झाला.

पुढचा प्रसंग रुग्णालयातला. १८ ऑक्टोबरला राणी स्वतः मॅकमिलन यांच्या खोलीत आली. त्यांनी राजीनामा दिला आणि वारस कोण असावा याचं टिपण तिला वाचून दाखवलं. नाव होतं लॉर्ड ह्यूम यांचं, घराण्यातले चौदावे अर्ल. बटलर पुन्हा बाजूलाच राहिले. लॉर्ड्समध्ये, म्हणजे उमरावांच्या सभागृहात, बसून पंतप्रधानपद चालवणं विसाव्या शतकात शोभणारं नव्हतं, म्हणून ह्यूम यांनी उमरावकी सोडली आणि स्कॉटलंडमधून पोटनिवडणूक लढवली. मधले पंधरा दिवस ब्रिटनचा पंतप्रधान संसदेच्या दोन्हीपैकी एकाही सभागृहाचा सदस्य नव्हता. लिखित राज्यघटना नसण्याचे फायदे असेही असतात.

इयन मॅक्लाउड आणि इनॉक पॉवेल या पक्षातल्याच दोन मंत्र्यांनी ह्यूम यांच्या मंत्रिमंडळात बसायला नकार दिला. मॅक्लाउडनं नंतर लेख लिहून या निवडीमागच्या कोंडाळ्याची लक्तरं वेशीवर टांगली. मजूर पक्षाच्या, म्हणजे लेबर पक्षाच्या, विल्सननं तर चौदाव्या अर्लच्या नावानं सभा गाजवल्या. ‘मिस्टर विल्सनही त्यांच्या घरातले चौदावे विल्सनच असतील की,’ हे ह्यूम यांचं उत्तर अजून ऐकवलं जातं, आणि मला ते विल्सनच्या सगळ्या टोमण्यांपेक्षा सरस वाटतं. पण १९६४ मध्ये हुजूर पक्ष तेरा वर्षांनी सत्तेबाहेर गेला, अगदी थोडक्यात. विल्सनला बहुमत मिळालं फक्त चारचं.

आता गंमत बघा. उमरावांच्या खोलीतून आलेल्या या ह्यूमनंच १९६५ मध्ये पक्षाला नियम दिला: यापुढे नेता खासदार निवडतील, गुप्त मतदानानं. पहिला मान हीथ यांना मिळाला. पण नेता निवडायची सोय झाली, काढायची नाही. हीथ यांनी चारपैकी तीन निवडणुका हरल्यावर, १९७४ च्या अखेरीस, नियम बदलायला समिती नेमली गेली आणि तिचे अध्यक्ष पुन्हा ह्यूमच. समितीनं सुचवलं की बसलेल्या नेत्यालाही दरवर्षी आव्हान देता यावं, आणि पहिल्या फेरीत जिंकायचं तर पात्र खासदारांच्या १५ टक्के इतकी आघाडी हवी. फेब्रुवारी १९७५ मध्ये या नियमाखाली पहिली लढत झाली. हीथ यांना ११९ मतं पडली. माजी शिक्षणमंत्री असलेल्या आणि फारशा कुणी गंभीरपणे न घेतलेल्या बाईंना १३०. हीथ त्याच दिवशी संपले.

म्हणजे ज्या कलमानं थॅचरबाई वर आल्या, त्याच कलमानं त्या गेल्या. १९९० मध्ये हुजूर पक्षाचे ३७२ खासदार होते. त्यांच्या १५ टक्के म्हणजे ५६ मतांची आघाडी लागणार होती. मिळाली ५२ ची. दोन खासदारांनी हेसेल्टाइनला सोडून बाईंना मत दिलं असतं, तर आकडा बरोबर भरला असता. माझं कोडं इतकं साधं होतं.

साधं गणितापुरतं. त्या दोन मतांपर्यंत वेळ कशी आली, ते जास्त रंगतदार आहे. पोल टॅक्स नावाचा कर बाईंनी हट्टानं आणला होता. ड्यूकनं आणि त्याच्या माळ्यानं सारखाच भरायचा. मार्च १९९० मध्ये ट्रफाल्गर चौकात त्यावरून दंगल झाली, आणि काठावर निवडून आलेल्या खासदारांना रात्री झोप लागेना. त्यात युरोपचा वाद. १ नोव्हेंबरला उपपंतप्रधान जेफ्री हाउ यांनी राजीनामा दिला. हे अकरा वर्षं बाईंच्या मंत्रिमंडळात होते, आधी अर्थमंत्री, मग परराष्ट्रमंत्री. बोलणं इतकं संथ आणि सपाट, की मजूर पक्षाच्या डेनिस हीली यांनी त्यांच्या टीकेची तुलना मेलेल्या मेंढरानं घेतलेल्या चाव्याशी केली होती. १३ नोव्हेंबरला तेच मेंढरू सभागृहात उभं राहिलं. युरोपशी वाटाघाटी करायला जाणाऱ्या मंत्र्यांची अवस्था सांगताना ते म्हणाले, सलामीचे फलंदाज खेळपट्टीवर जातात आणि पहिले चेंडू पडताच त्यांना कळतं, की सामन्याआधीच कर्णधारानं त्यांच्या बॅटी मोडून ठेवल्यात. आवाज चढला नाही. हात हलले नाहीत. पुढच्या बाकावर बसलेल्या बाईंचा चेहरा चित्रफितीत दिसतो. मी ते भाषण नंतर कितीतरी वेळा पाहिलं आहे, आणि दर वेळी वाटतं की ओरडून बोलला असता तर हा माणूस हरला असता.

मतदानाच्या दिवशी बाई पॅरिसला शिखर परिषदेत. निकाल कळल्यावर त्यांनी दुसऱ्या फेरीला उभं राहणार असं जाहीर केलं. लंडनला परतल्यावर मंत्र्यांना एकेकट्यानं भेटायला बोलावलं, आणि एकेक मंत्री येऊन थोड्याफार फरकानं तेच सांगून गेला: माझा तुम्हाला पाठिंबा आहे, पण तुम्ही जिंकणार नाही. ‘वॅब की हॅवल्ड’ची तीच रीत, फक्त या वेळी प्रश्न विचारणाऱ्याचीच गादी पणाला होती. दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनाम्याची घोषणा झाली, आणि दुपारी विरोधकांच्या अविश्वास ठरावावर बाई अशा काही बोलल्या, की ज्यांनी त्यांना घालवलं तेच आरोळ्या ठोकून दाद देत होते.

१९४५ ते २०२४ या ७९ वर्षांत हुजूर पक्षानं ढोबळमानानं ४९ वर्षं राज्य केलं, मजूर पक्षानं ३०. याची कारणं सांगताना पैसा, वर्तमानपत्रं, जमीनदार, मध्यमवर्ग असं सगळं मोजलं जातं. ते असेलही. मला त्यात निर्दयपणा मोठा वाटतो. नेता ओझं होतोय असं दिसलं की हा पक्ष डोळ्यांत पाणी आणतो, मानपत्र देतो आणि त्याला खाली उतरवतो. मग नवा चेहरा घेऊन लोकांसमोर जातो, जणू आधीचं सरकार दुसऱ्याच कुणाचं होतं. जॉन मेजर नोव्हेंबर १९९० मध्ये आले, पोल टॅक्स गुंडाळला, आणि १९९२ मध्ये त्यांच्या पक्षाला १ कोटी ४० लाखांहून अधिक मतं पडली. तोवर ब्रिटनमध्ये कुठल्याही पक्षाला इतकी मतं कधी मिळाली नव्हती. १९५७ नंतर ईडन यांचं सुएझ असंच कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

मतांचा विषय निघाला आहे, तर ‘वर्चस्व’ या गोष्टीवरचा मुलामाही थोडा खरवडून बघावा. १९८३ मध्ये थॅचरबाईंना १४४ चं बहुमत मिळालं ते ४२.४ टक्के मतांवर. लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५.४ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या २३. मजूर पक्षाला त्यांच्यापेक्षा दोनेक टक्केच जास्त, पण जागा २०९. याआधी १९५१ मध्ये तर मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा दोन लाखांवर मतं जास्त पडली होती, आणि तरी चर्चिल पंतप्रधान झाले. कोळसाखाणींच्या पट्ट्यात डोंगराएवढी मतं साचली की ती दुसऱ्या मतदारसंघात उपयोगी पडत नाहीत. आपल्याकडेही मोजणीची पद्धत हीच, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. हुजूर पक्षाचेच लॉर्ड हेल्शम यांनी १९७६ मध्ये अशा सरकारला निवडून आलेली हुकूमशाही म्हटलं होतं. त्यांचा पक्ष तेव्हा विरोधात होता. तीन वर्षांनी ते थॅचरबाईंच्या मंत्रिमंडळात जाऊन बसले.

मजूर पक्षाचा स्वभाव वेगळा. हा पक्ष भांडतो खूप, फुटतोही, पण गादीवरच्या पंतप्रधानाला मतदान घेऊन त्यानं कधी उतरवलेलं नाही. कट मात्र भरपूर झाले, आणि सगळ्यात गमतीचे अ‍ॅटलींच्या विरोधात.

अ‍ॅटलींशी आपला जुना संबंध आहे. सायमन कमिशनच्या सात सभासदांत ते एक होते. काळ्या झेंड्यांनी ज्यांचं स्वागत झालं त्यांतले मेजर अ‍ॅटली. १९२८ मध्ये याच कमिशनपुढे पुण्यात डॉ. आंबेडकरांची साक्ष झाली. दलितांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न आकड्यांसकट मांडणारे बाबासाहेब समोर, आणि टेबलाच्या पलीकडे एकोणीस वर्षांनी आपल्या सत्तांतराचा कायदा मंजूर करून घेणारा माणूस. त्या वेळी लाइमहाउसचा एक साधा खासदार.

२६ जुलै १९४५ ला निकाल लागले. मजूर पक्षाला ३९३ जागा. युद्ध जिंकून दिलेले चर्चिल हरले. त्याच दुपारी पक्षातलेच बडे नेते हर्बर्ट मॉरिसन यांनी शंका काढली की नव्या खासदारांनी आधी नेता निवडावा, मग त्यानं राजाकडे जावं. नेता म्हणून कोण निवडून येईल याबद्दल मॉरिसन यांच्या मनात शंका नव्हती. ट्रान्सपोर्ट युनियनचे जुने पुढारी अर्नेस्ट बेव्हिन यांनी अ‍ॅटलींना सांगितलं, क्लेम, तू सरळ राजवाड्यावर जा. अ‍ॅटली गेले, घरच्या छोट्या गाडीत, बायको गाडी चालवत होती. मॉरिसन मुद्दा मांडतच राहिले.

दुसरा कट १९४७ चा. पौंड संकटात, कडक हिवाळ्यानं कोळसा संपवलेला. सप्टेंबरमध्ये स्टॅफर्ड क्रिप्स, आपल्या १९४२ च्या क्रिप्स योजनेवालेच, थेट अ‍ॅटलींना भेटायला गेले आणि तोंडावर म्हणाले की तुम्ही बाजूला व्हा, बेव्हिनना पंतप्रधान करा. अ‍ॅटलींनी तिथल्या तिथे बेव्हिनना फोन लावला. बेव्हिन नाही म्हणाले. मग अ‍ॅटलींनी क्रिप्सना विचारलं, आर्थिक व्यवहारांचं नवं खातं तुम्ही सांभाळाल का? क्रिप्स कट करायला आले होते, खातं घेऊन गेले. पुढं दोन महिन्यांत अर्थमंत्रीही झाले. माझ्या मते युद्धोत्तर ब्रिटनमध्ये नेतृत्व म्हणून जे काही घडलं, त्यात यापेक्षा चांगला नमुना नाही. ना भाषण, ना धमकी, ना आवाज. खाणी, रेल्वे, बँक ऑफ इंग्लंड सरकारी मालकीची झाली, ५ जुलै १९४८ ला राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. थॅचरबाईंना पोल टॅक्स एका वर्षात नडला. अ‍ॅटलींची आरोग्य सेवा मोडायची हिंमत पुढे बाईंनासुद्धा झाली नाही.

सत्तरचं दशक मला कंटाळवाणं वाटतं, विल्सन आणि कॅलाहन यांच्या काठावरच्या बहुमतांचं. एक रात्र तेवढी वगळायला हवी. २८ मार्च १९७९ ला कॅलाहन सरकारवरचा अविश्वास ठराव ३११ विरुद्ध ३१० नं मंजूर झाला. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन तेव्हा अत्यवस्थ होते. त्यांना रुग्णवाहिकेतून आणलं असतं तर बरोबरी झाली असती. आणायचं नाही असं ठरलं. थोड्याच दिवसांत ते वारले, आणि मे महिन्यात थॅचरबाई आल्या.

२०२२ च्या जून-जुलैमध्ये मात्र मला दोन पडदे शेजारी शेजारी मांडून बघायला मिळाले. इकडे महाराष्ट्रात आमदार सुरत, गुवाहाटी, गोवा असे फिरत होते आणि २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला. तिकडे ६ जूनला बोरिस जॉन्सन यांनी पक्षातलं विश्वासमत २११ विरुद्ध १४८ नं जिंकलं होतं. महिन्याभरात, दोन-तीन दिवसांच्या आत पन्नासहून अधिक मंत्र्यांनी आणि संसदीय सहायकांनी राजीनामे दिले, बहुतेकांनी पत्र ट्विटरवर टाकून. ७ जुलैला जॉन्सन यांनी हात टेकले. हॉटेल कुणी बुक केलं नाही, विमान कुणी ठरवलं नाही. आपल्याकडे पक्षांतरबंदीचा कायदा आहे, त्यामुळे बंडखोरांना आधी संख्या जमवावी लागते आणि ती फुटू नये म्हणून राखण करावी लागते. ब्रिटनमध्ये असला कायदा नाही. पक्षाच्या नेत्याविरुद्ध गुप्त मत देऊन खासदार संध्याकाळी घरी जेवायला जातो. पंतप्रधानाला नेमकी याचीच भीती वाटते. त्या आठवड्यात मी चर्चा ऐकल्या त्या दोन्हीकडच्या, आणि कुठली पद्धत बरी यावर घरात बराच वाद झाला. माझा कल कुठे आहे ते वरच्या मजकुरावरून कळलंच असेल.

त्या पद्धतीलाही कीड लागली आहे, हे कबूल. १९९८ मध्ये हुजूर पक्षाचे तेव्हाचे नेते विल्यम हेग यांनी शेवटचा कौल पक्षसदस्यांच्या हाती दिला. त्यातून २०२२ मध्ये लिझ ट्रस आल्या, ८१,३२६ मतांनी. सहा कोटी सत्तर लाखांच्या देशात! ऋषी सुनक यांना खासदारांचा जास्त पाठिंबा होता, पण सदस्यांना ट्रस हव्या होत्या. २३ सप्टेंबरच्या छोट्या अर्थसंकल्पानं बाजार कोसळला आणि ४९ दिवसांत बाईंचं राज्य आटोपलं. जास्त दिवस कोण टिकतं अशी एका वर्तमानपत्रानं लेट्यूस या पालेभाजीशी लावलेली शर्यत त्या हरल्या. विरोधात असताना मजूर पक्षाचंही असंच झालं होतं: २०१६ मध्ये १७२ खासदारांनी जेरेमी कॉर्बिन यांच्यावर अविश्वास दाखवला, बाजूनं फक्त ४०, आणि सदस्यांनी कॉर्बिनना पुन्हा निवडून दिलं. खासदारांना नेता रोज बघावा लागतो. सदस्य त्याला सभेत बघतात. हा फरक मला छोटा वाटत नाही.

४ जुलै २०२४ ला किअर स्टार्मर यांच्या मजूर पक्षाला ४११ जागा मिळाल्या, हुजूर पक्षाला १२१. टीव्हीवर सगळे भूस्खलन, लाट असं बोलत होते. मी टक्के बघत होतो: ३३.७. १९४५ नंतर इतक्या कमी मतांवर एकट्या पक्षाचं बहुमत कुणी मिळवलेलं नाही. मजूर पक्षात नेत्याला आव्हान द्यायचं तर २० टक्के खासदारांच्या सह्या लागतात, म्हणजे सुमारे ऐंशी. आणि त्या ४११ जणांत काही शेकड्यांनी किंवा एक-दोन हजारांनी निवडून आलेले कितीतरी आहेत. १९९० मध्ये झोप उडाली होती ती अशांचीच.